अनुमोदक

चमचा आला तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले होते.

पार्सलवर कुणा एकाचं नाव नव्हतं. ‘आहेर कुटुंब, मधुमालती सोसायटी, पाथर्डी फाटा, नाशिक’ एवढंच. आत जाड दांड्याचा एक चमचा आणि एक लाघवी पत्रक. तुमचा हात कितीही थरथरू दे, दांड्यातली मोटर उलट्या दिशेने हलून चमचा स्थिर ठेवते, वरणाचा थेंबही सांडत नाही, असं त्यात लिहिलेलं. नमुना फुकट. हर्षदाच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, तो चमचा लगेच ताब्यात घेतला आणि हात मुद्दाम गदागदा हलवत श्रीखंड खाऊन दाखवलं. अण्णांची हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेली. कळवणच्या खड्ड्यांतून, चालत्या गाडीत एका हाताने तिकिटं देणाऱ्या माणसाला असला चमचा कशाला लागतोय! हर्षदाचा नवरा संदेश म्हणाला, “जपून ठेवा अण्णा, ओवीच्या लग्नात रुखवतावर मांडू.” ओवी म्हणजे त्यांची लेक. ती जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली होती आणि तिच्याशिवाय घर अजून सवयीचं झालं नव्हतं.

ते हसू काही फार दिवस पुरलं नाही.

चमच्यामागून जाहिराती आल्या. न घसरणाऱ्या सपाता, न्हाणीघरात धरायच्या दांड्या, बटणांच्या जागी चुंबक लावलेले शर्ट. सगळ्यांच्या फोनवर, अगदी पुण्यात ओवीच्याही. मग मेडिक्लेमचा हप्ता एकदम तिप्पट झाला. हर्षदाने फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमच्या घराची श्रेणी बदललीय.”

“घराची? घराला काय झालंय?”

“ते आम्हाला दिसत नाही, मॅडम. आम्हाला फक्त श्रेणी दिसते.”

संदेश अंबडच्या कारखान्यात डोक्यावरची क्रेन चालवायचा. माणसांवरून टनावारी लोखंड नेताना त्याचा हात कधी चुकला नव्हता. एका सोमवारी त्याला क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. कारण विचारलं तर साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वरून आलंय.” आणि हर्षदाचं स्वतःचं, सोसायटीच्याच तळमजल्यावरचं ब्युटी पार्लर ज्या ॲपवर नोंदवलेलं होतं, तिथून तिच्या नावापुढची ‘खात्रीची’ ही हिरवी खूण एका सकाळी नाहीशी झाली. नवी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे आधी फिरले होते आणि घर का फिरलं, ते घरातल्याच माणसांना ठाऊक नव्हतं.

उलगडा केला वरच्या मजल्यावरच्या पल्लवी गांगुर्डेने. ती बँकेत कर्जाच्या खात्यात होती. भुवया करायला म्हणून आली आणि खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून म्हणाली, “हर्षदाताई, तुमच्या घरालाही लागलाय का कल?”

“कसला कल?”

“आमच्या बँकेत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे हल्ली एक रकाना असतो. ‘घर-कल’. पिवळा, नारिंगी, लाल. मी स्वतःसाठी कर्जाचा अर्ज केला, तर माझ्याच घरापुढे नारिंगी. मग चोरून आख्खी सोसायटी बघितली. तुमचंही आहे.” तिने डोळे उघडले. “ते छतावरचं डबडं आहे ना, पाठीराखा. ते सांगतंय.”

हर्षदाच्या हातातला दोरा तसाच राहिला.

पाठीराखा प्रत्येक घरात होता. बैठकीच्या खोलीतून आत जाणाऱ्या बोळात, छताला चिकटवलेली पांढरी, बशीएवढी चकती. म्हातारं माणूस न्हाणीत घसरून पडलं की ती आपणहून घरच्यांना आणि दवाखान्याला फोन लावायची. तिच्यात कॅमेरा नाही की माइक नाही, हे तर कंपनीने छातीठोकपणे सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. कॅमेऱ्याची तिला गरजच नव्हती. वायफायच्या असतात तसल्याच लहरी ती घरभर सोडायची. लहरी भिंतीतून आरपार जातात, पण माणसाच्या अंगावर, अंगातल्या पाण्यावर आपटून काही परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी वर येते, आणि परतणारी लहर तेवढ्याच अंतराने आधी पोचते. एवढ्या फरकावरून चकतीला घरातल्या प्रत्येकाचा श्वास मोजता यायचा. चालही मोजता यायची. दोन माणसं सारखी चालत नाहीत, म्हणून कोण कुठल्या खोलीत आहे हे तिला नाव न विचारता कळायचं.

इथवर ठीक होतं. पण कंपनीकडे अशा लाखो घरांतल्या करोडो रात्री साठल्या. पुढे त्यांतली काही माणसं आजारी पडली, आणि त्यांच्या जुन्या रात्री यंत्राला शिकवता आल्या. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूच्या बुडाशी झीज सुरू झालेली असते. झोपेतला श्वास तिथूनच चालतो. तो किंचित उथळ होतो, किंचित अडखळतो. शेजारी झोपलेल्या माणसाला ते कळत नाही, डॉक्टरला कळत नाही. चालताना एक हात जरासा कमी हलतो, वळताना एक पाऊल जास्त लागतं. यंत्राला कळतं. कंपवात हा त्यातला एक. हृदयाचे, झटक्यांचे, झोपेत श्वास थांबण्याचे असे वीसेक आजार ते आधी ओळखायचं, असं पल्लवीने कुठून कुठून शोधून काढलं होतं.

“तुमचा चमचा कंपवाताचाच होता, ताई. नमुना त्याच घरांना जातो.”

“म्हणजे आमच्यात कुणाला तरी...” हर्षदाने दोरा खाली ठेवला. “मग सांगत का नाहीत? ज्याला झालंय त्याला तर सांगा!”

“तेच करता येत नाही म्हणतात. रोगाचं निदान फक्त डॉक्टरने करायचं, असा कायदा आहे. माणसाला सांगितलं तर ते निदान ठरतं. पण विमा कंपनीला, बँकेला, मालकाला आकडा दिला, तर तो नुसता ‘कल’. कल विकायला बंदी नाही.”

लग्नाची पत्रिका गावभर वाटावी आणि नवऱ्या मुलालाच कळवू नये, तसला हा प्रकार होता. हर्षदाला संताप आला, पण संतापाच्या खालून भीती वर येत होती, थंडगार. आपल्या चौघांपैकी कोण?

“आणि आपण परवानगी कधी दिली यांना?” तिने विचारलं.

पल्लवी खुर्चीत सरळ बसली. मग म्हणाली, “सोसायटीने दिली. ठरावाने. ताई, अनुमोदक कोण होतं आठवतंय का?”

हर्षदाला आठवलं. सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली होती. खुर्च्या भाड्याच्या, त्या परत न्यायला टेम्पो दारात उभा. सेक्रेटरी घाम पुसत वाचत होते, “पाठीराखा सुरक्षा योजना, परिशिष्टासह, सर्व सदनिकांच्या वतीने स्वीकारण्यात यावी. सूचक?” लोखंडेकाकांनी हात वर केला. ते प्रत्येक ठरावाला सूचक असत, त्यांना त्याची हौसच होती. “अनुमोदक? अहो, अनुमोदक कोण? कुणीतरी हात वर करा, वडे गार होतायत!” महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये आजवर जेवढे ठराव एकमताने पास झाले, त्यांतले निम्मे तरी वड्यांच्या वासावर झालेले आहेत. हर्षदाच्या एका हातात बशी होती, दुसरा मोकळा होता. तो तिने वर केला. परिशिष्ट काय असतं ते तिने तेव्हा पाहिलं नव्हतं आणि तिथे बसलेल्या कुणीच पाहिलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

लोखंडेकाका गेल्या वर्षी वारले. उरली होती ती एकटी हर्षदा.

“वाईट वाटून घेऊ नका,” पल्लवी म्हणाली. “उलट तुम्हीच आपला पुरावा आहात. आम्ही तक्रार करतोय ग्राहक आयोगाकडे. तुम्ही फक्त खरं सांगायचं, की न वाचता, न समजता हात वर केला. अनुमोदनच पोकळ निघालं तर संमती रद्द. मग त्यांना सगळं उघड करावं लागेल, प्रत्येक घराला आपापलं. आम्हीही चौघंच आहोत ना. मी, हे, सासूबाई आणि मल्हार.” मल्हार तिचा मुलगा, चालायला लागून त्याला नुकतं वर्ष झालं होतं. त्याचं नाव घेताना तिचा आवाज बदलला.

त्या दिवसापासून आहेरांच्या घरात कुणी साधं चाललं नाही.

हर्षदा संदेशच्या कपाकडे बघायची. कप ओठांपर्यंत जाताना हलतो का? तो बुटाची नाडी बांधायला वाकला की ती दारात उभी राहायची. संदेशच्या ते लक्षात आलं, कारण तोही तिच्याकडे तसाच बघत होता. दुपारी वामकुक्षीला अण्णा आडवे झाले की दोघं आळीपाळीने काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीत डोकवायचे. एकदा अण्णांनी डोळे न उघडताच म्हटलं, “जित्ता हाये मी अजून. बघायचं तं समोर येऊन बघा, चोरावानी कामून उभे ऱ्हाता?”

चकती काढून टाकावी असं संदेशला वाटलं. त्याने स्टूल घेतलं, स्क्रू ढिला केला, तर दहा मिनिटांत सेक्रेटरींचा फोन. चकती सोसायटीच्या मालकीची आहे, काढल्यास दंड आणि श्रेणी आपोआप लाल. संदेशने स्क्रू पुन्हा आवळला. स्टुलावरून उतरताना त्याचा पाय अडखळला आणि हर्षदाच्या तोंडून किंकाळी निघाली. स्टुलाचा पाय फरशीच्या सांध्यात अडकला होता, दुसरं काही नाही. पण तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिला तिथून निघून जावं लागलं.

सगळ्यात वाईट होते ते ओवीचे फोन. “झोप लागते ना गं नीट? चालताना दमत नाहीस ना?” असं हर्षदा इतक्यांदा विचारायला लागली की शेवटी ओवी चिडली. “आई, मी काय केलंय? तुझा आवाज असा का येतो? कुणी काही सांगितलंय का माझ्याबद्दल?”

“नाही गं. तुझ्याबद्दल कोण काय सांगणार?”

पण हर्षदाला दुसरं काही सुचतच नव्हतं. ओवी जूनपर्यंत याच घरात झोपत होती. तिचेही श्वास त्या चकतीने मोजले होते. हा आजार तरुणपणीही होतो, विरळा पण होतो, हे हर्षदाने वाचून ठेवलं होतं. अण्णांचं निघालं तर वाईट, संदेशचं निघालं तर फार वाईट. पण ओवीचं निघालं तर काय करायचं, तिथे तिचं डोकं बंद व्हायचं. पोरीला नोकरी लागायची आहे, घर करायचं आहे, आणि तिच्या आधी तिचा रंग सगळीकडे जाऊन पोचणार. ती रोज देवापुढे दिवा लावताना मागणं मागायची आणि कुणासाठी काय मागावं ते न कळून नुसतीच हात जोडून उभी राहायची.

आयोगापुढची तारीख जवळ आली तसा कंपनीकडून हर्षदाला फोन आला. सौमित्र भाटे नावाचा मनुष्य होता, आवाज अगदी सुसंस्कृत. कॉलेज रोडवरच्या ऑफिसात एकदा चहाला या म्हणाले. ती गेली. पल्लवीला सांगितलं नाही.

“मॅडम, तुमची तगमग मी समजू शकतो,” भाटे म्हणाले. “कायद्याने माझे हात बांधलेत. निदान मी सांगू शकत नाही. पण कच्ची नोंद दाखवू शकतो. घरातल्या हालचाली, बस. त्यावरून काय ते तुम्ही समजायचं.”

“मग दाखवा.”

“ती फक्त संमती देणाऱ्याला दाखवता येते. तुमच्या सोसायटीत संमती देणारे दोघं, सूचक आणि अनुमोदक. बाकीचे सगळे लाभार्थी. लाभार्थींना तो हक्क नाही.” त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “अडचण एवढीच, की तुम्ही संमती दिलीच नव्हती, असं तुमच्या शेजारणी म्हणतायत. तुम्हीही तसंच म्हणालात तर तुमचा ते बघायचा हक्कही उरत नाही. उलट तुम्ही एक वाक्य बोललात, ‘मी परिशिष्ट वाचलं होतं आणि समजून अनुमोदन दिलं’, की पुढच्या मिनिटाला मी पडदा उघडतो.”

“आणि आयोगाने संमती रद्द केली तर? मग सगळ्यांनाच कळेल.”

“कळेल ना. आम्ही वर अपील करू. ते फेटाळलं तर त्याच्या वर.” ते हसले नाहीत, कुत्सितपणे बोलले नाहीत. वेळापत्रक सांगावं तसं सांगत होते. “या आजारात लवकर कळण्याला फार महत्त्व असतं म्हणतात. अर्थात मी डॉक्टर नाही.”

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. संदेश जेवता जेवता थांबला.

“खोटं बोलणार तू? वरच्या मजल्यावरच्या पल्लवीला काय तोंड दाखवशील?”

“तुला कळून घ्यायचं नाहीये का?”

“मला नाही घ्यायचं. त्यांनी आपल्याला बांधलंय, आता सगळ्यांच्या गळ्यात आपल्याच हाताने दोरी बांधायची?”

“ओवी जूनपर्यंत इथे होती, संदेश.”

 संदेश ताटातला भात नुसता चिवडत राहिला. अण्णांनी हात धुतला आणि ते सुनेसमोर येऊन बसले.

“माझं वय झालं, पोरी. माझं निघालं तं बरंच निघालं म्हन. तू जाशीन तवा देवाला येवढंच सांग, म्हाताऱ्याचं काढ.” त्यांनी डोळे पुसले. “पन खोटं बोलाया मी सांगनार न्हाई. बोलू नको असंबी सांगनार न्हाई. नातीचा प्रश्न हाये.”

तारखेच्या आदल्या दिवशी हर्षदा पुन्हा कॉलेज रोडला गेली. रिक्षात बसल्यावरही तिने ठरवलेलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. पण चोराच्या मनात चांदणं; पल्लवी जिन्यात भेटायला नको म्हणून ती मागच्या जिन्याने उतरली होती.

भाट्यांनी टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं. ती त्यात बोलली. स्वतःचं नाव, सदनिका, आणि ते वाक्य. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा स्वच्छ आला. भाटे म्हणाले, “आभारी आहे,” आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

तिचं घर वरून दिसत होतं. छप्पर उचलून ठेवल्यासारखं. भिंतींच्या रेघा, पलंगाचा चौकोन, ओट्याचा चौकोन, आणि आत चार ठिपके हलत होते. तीन करडे आणि एक लाल.

“यातलं कोण कोण आहे?” तिने विचारलं.

“नावं आम्ही ठेवत नाही, मॅडम. प्रायव्हसीचा प्रश्न येतो.”

एप्रिलमधला कुठलासा दिवस भरभर सरकत होता. कोपऱ्यातल्या खोलीतला करडा ठिपका पहाटेच उठला, गॅलरीत गेला. अण्णा. हर्षदाने श्वास सोडला. लाल अण्णा नव्हते. लहान खोलीतला ठिपका उशिरापर्यंत पलंगावर, मग न्हाणीत, मग धावत दाराबाहेर. तोही करडा. भाट्यांनी तारखा पुढे सरकवल्या आणि जूननंतर तो ठिपका दिसेनासा झाला.

ओवी नव्हती. ओवी करडी होती. हर्षदाने तोंडावर पदर धरला आणि ती रडायला लागली. भाटे पाण्याचा पेला पुढे करून थांबले. त्या क्षणी तिला वाटलं, की बोललेलं सगळं वसूल झालं, आता जे व्हायचं ते होवो.

मग तिने पुन्हा वर पाहिलं. मोठ्या पलंगावर दोन ठिपके शेजारी शेजारी होते. एक करडा, एक लाल.

म्हणजे संदेश. तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं. क्रेनवरून उगाच नाही उतरवला. पडद्यावर सप्टेंबरमधली एक दुपार चालली होती. कोपऱ्यातल्या खोलीत अण्णांचा ठिपका आडवा, आणि लाल ठिपका दारातून आत आला. त्या महिन्यात संदेशची पहिली पाळी होती, तो दुपारी घरी यायचा. ठिपका ओट्यापाशी थांबला, मग बोळातून चालत ओवीच्या खोलीत गेला आणि तिच्या पलंगावर आडवा झाला. हलेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

हर्षदा खुर्चीत पुढे सरकली.

दुपारी पार्लर बंद करून ती स्वतः वर यायची. ओवीच्या पलंगावर पडायची, पोरीच्या उशीत तोंड खुपसायची. उशीचा अभ्रा तिने जूनपासून धुतला नव्हता. थोडा वेळ पडून राहायची, मग तोंड धुऊन खाली जायची. हे तिने संदेशला सांगितलं नव्हतं. ओवीला तर नाहीच. जगात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

ठिपक्याच्या खाली श्वासाची एक बारीक रेघ चालली होती. ओवीच्या पलंगावर ती एकदम दातेरी झाली. भाट्यांनी कामसूपणे तिथे बोट ठेवलं. “हा भाग सोडून द्या. रडण्याचा श्वास असा येतो. तो आम्ही मोजणीतून वगळतो.”

ती बघत राहिली. लाल ठिपका पलंगावरून उठला, बोळात आला, वळला. वळताना क्षणभर अडला. तिला तिचं ते अडणं कधी जाणवलं नव्हतं. तिने मांडीवरचे आपले हात पाहिले. ते अगदी स्थिर होते. सकाळीच तिने एका नवरीच्या भुवया कोरल्या होत्या, केसभरही इकडेतिकडे न होता.

“किती खात्रीचं असतं हे?” तिने विचारलं. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

“ते सांगितलं तर निदान होईल, मॅडम.”

“कधीपर्यंत...”

“तेही.”

“कुणाकुणाला दिलंत?”

“भागीदारांना. ती यादी गोपनीय असते.” भाट्यांनी पडदा मिटवला आणि ते उठून उभे राहिले. “तुमच्या निवेदनाने आमचं काम फार सोपं केलं. उद्या तुम्हाला यायचीही गरज नाही. आयोगाला ते आत्ताच पोचलं.”

रिक्षा तिने फाट्यावरच सोडली आणि चालत निघाली. चालताना तिला चालताच येईना. डावा हात किती हलतोय, उजवा किती हलतोय, पाऊल कसं पडतंय, याखेरीज डोक्यात काही नव्हतं. भीती वाटत होती, अगदी लहानपणी अंधाऱ्या विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी. संदेशला कसं सांगायचं, अण्णांना कसं सांगायचं. सांगायचं तरी का? आणि त्या सगळ्याच्या वर, ओवी सुटली, ओवी सुटली, असं एक वाक्य घोकल्यासारखं आत चालू होतं. त्या एका वाक्याच्या आधाराने ती सोसायटीच्या फाटकापर्यंत आली.

जिन्याच्या खालच्या पायरीवर पल्लवी बसली होती. ऑफिसातून आल्यावर साडीही बदललेली नव्हती. मल्हार तिच्या पुढ्यात उड्या मारत होता.

“ताई, बरं झालं भेटलात. उद्या अकराला निघू या. तुम्ही घाबरू नका हं, वकीलबाई सांभाळून घेतील. तुम्ही फक्त खरं ते सांगा.” ती बोलता बोलता थांबली. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. “एक विचारू? हसाल मला.”

“काय गं?”

“मी आणि हे दिवसभर मल्हारकडे बघत असतो. बघून बघून आता काही कळेनासं झालंय. मला वाटतं तो उजवा पाय जरा ओढतो, हे म्हणतात डावा. सासूबाई म्हणतात तुम्हा दोघांना वेड लागलंय. झोपला की याच्या छातीवर हात ठेवून बसते मी.” तिने हर्षदाचं मनगट धरलं. “तुम्ही तिऱ्हाईत आहात, ताई. तुम्हाला खरं दिसेल. तो जिना चढतोय ना, तेवढं जरा बघता का?”

मल्हारला वाटलं खेळच आहे. त्याने कठडा धरला आणि तो चढायला लागला. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबून मागे बघणं, मग पुन्हा एक पाय. लहान मुलं चढतात तसाच तो चढत होता. की नव्हता? हर्षदाला सांगता येईना. तिने पाहिलं, डोळे ताणून पाहिलं, आणि तिला एवढंच कळलं, की हे सांगू शकणारी एकच वस्तू या इमारतीत आहे आणि तिचं तोंड आपण आज बंद करून आलो आहोत.

“पल्लवी,” ती म्हणाली. “उद्या जायचं नाहीये गं. मी आज जाऊन आले. वाचलं होतं, समजलं होतं, असं सांगून आले.”

पल्लवीला आधी अर्थच लागला नाही. ती तशीच हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. मग हर्षदाच्या मनगटावरचा तिचा हात हळूहळू सुटला.

“मग तुम्हाला दाखवलं त्यांनी?”

हर्षदाने होकाराची मान हलवली.

पल्लवी ओरडली नाही, रडली नाही. कोण निघालं, हेही तिने विचारलं नाही. कोरड्या, अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, “आणि आमच्याकडचं? आमच्याकडचं कोण आहे, ते मला आता कोण सांगणार?”

वरच्या पायरीवर पोचलेला मल्हार टाळ्या वाजवत ओरडत होता, “बघ ना! आई, बघ ना!” पण मान वर करून त्याच्याकडे बघायची दोघींपैकी एकीचीही हिंमत झाली नाही.